सहा नंबरच्या टेबलावरचे गुरुजी

३ सप्टेंबर

आज मला अध्यक्ष केलं. नको नको म्हणत असताना केलं. समितीचं नाव ‘आपलेपणा समिती’. आमचे विभागप्रमुख तुंग साहेब म्हणाले, “श्याओबाई, तुम्हाला माणसांची आवड आहे.” आवड आहे हे खरं, पण मी बावीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवते. माझी निम्मी माणसं बोलत नाहीत.

काम असं की डोंगरातून आणि बेटांवरून राखीव जागांवर येणारी मुलं मध्येच कॉलेज सोडून जातात, ती जाऊ नयेत. एक गळतीचा तक्ता आहे. नाव, वर्ग, कारण; कारणात ‘घरगुती’ आधीच छापलेलं. गेल्या वर्षीची दोन नावं मी आज भरली. दोघांच्याही अर्जात कारण ‘घरगुती’. घरात एवढं काय चालतं कोण जाणे.

यंदा माझ्या वर्गात डोंगरातली एकच आहे. उमाव, बुनुन जमातीची. शांत मुलगी, अक्षर सुरेख. आई-वडील तैपेईत कामाला, ही आजीजवळ वाढली. प्रवेशाच्या अर्जात लिहिलंय की आजीला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून डॉक्टर व्हायचंय. सगळेच असं काहीतरी लिहितात, मुलाखतीला बरं दिसतं.

पुढच्या आठवड्यात विच्छेदन सुरू होतंय. सहा टेबलं, सहा गुरुजी. आमच्याकडे देहदान केलेल्याला प्रेत म्हटलेलं मी खपवून घेत नाही. गुरुजी म्हणायचं, स्त्री असेल तर बाई. हॉलमध्ये शिरताना वाकून नमस्कार, निघताना पुन्हा. मुलं आधी त्यांच्या घरी जातात, त्यांची हकिकत लिहितात, ती सबंध सत्र टेबलामागच्या भिंतीवर लागते आणि जानेवारीत निरोपाच्या दिवशी घरच्यांसमोर वाचली जाते.

सहा नंबरवर कांग गुरुजी आहेत. वय सत्त्याऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांची फाइल वाचताना मी खुर्चीतून उठलेच. तरुणपणी चौदा वर्षं त्यांनी उमावच्याच गावात शाळा चालवली होती. मी लगेच तिचं नाव दोन नंबरवरून खोडलं आणि सहावर घातलं. तिच्या गावासाठी आयुष्य झिजवलेला माणूस समोर असला की पोरीला इथे परकं वाटणार नाही. समितीचं पहिलं काम पहिल्याच दिवशी फत्ते.

घरी यांना सांगितलं. हे दातांचे डॉक्टर. म्हणाले, “तू काय स्थळं जुळवायला बसलीयेस का?” यांना कशाचं म्हणून कौतुक नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

सहा नंबरची आठ मुलं घेऊन कांगकाकूंकडे जाऊन आले. गुरुजींच्या पत्नी. अठ्ठ्याहत्तर वय, पाठ ताठ, बाजारामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. पेरूच्या फोडी कापून ठेवल्या होत्या, वर आंबटगोड बोरपूड. मुलं आधी अवघडली आणि मग बशी पुसून मोकळी झाली.

काकूंनी अल्बम काढला. एक फोटो त्या डोंगरातल्या शाळेचा, १९६२ च्या हिवाळ्यातला. तीसेक मुलं, सगळी अनवाणी, कडेला गुरुजी कडक इस्त्रीत. पुढच्या ओळीतल्या एका मुलीच्या गळ्यात लाकडी पाटी. पाई नावाचा एक वात्रट मुलगा आहे आमच्या वर्गात, त्याने विचारलं, “ही काय भानगड?”

मी हसले. म्हटलं, अरे, आमच्या वेळेलाही होती ती. शाळेत सरकारी भाषा सोडून घरची भाषा बोललं की पाटी गळ्यात. मग पाटीवाल्याने कान टवकारून हिंडायचं, दुसरा कुणी घरच्या भाषेत बोलताना सापडला की त्याचं नाव सांगायचं. पाटी त्याच्या गळ्यात, आपण मोकळे. माझ्याकडे तिसरीत असताना एकच दिवस होती. मी कसली बिलंदर! मधल्या सुट्टीत एका मुलीच्या पायावर मुद्दाम पाय दिला. तिच्या तोंडून घरच्या भाषेत “आई गं” निघालं. झालं, पाटी तिची.

सगळे हसले. ही गोष्ट कधी वाया जात नाही. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, “ह्यांचा हात फार चालायचा शाळेत. पण त्या पोरांना चार शब्द शुद्ध बोलता आले ते ह्यांच्यामुळेच.” पाईने ते हकिकतीसाठी लिहून घेतलं: ‘डोंगरातल्या मुलांना त्यांनी शुद्ध भाषा दिली.’ वाक्य चांगलं आहे.

उमाव तेवढी हसली नाही. अल्बम मांडीवर घेऊन किती वेळ त्या फोटोकडे बघत होती. निघताना काकूंना विचारून मोबाइलवर त्याचा फोटोही काढला. छान रमली. मला अगदी भरून आलं.

१६ सप्टेंबर

आज पहिला दिवस. चादर दूर झाली. मुलं वाकली. उमाव सगळ्यांच्या मागून वाकली, तीही अर्धीच. पहिल्या दिवशी असं होतं, एकदा एक मुलगा उभ्या उभ्या माझ्या अंगावर पडला होता.

सुटल्यावर ती माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

“बाई, मला उजवा हात नको.”

प्रत्येकाला एकेक भाग दिलेला असतो. हिला उजवा हात, पाईला डावा.

“का गं?”

“असंच.”

“असंच काय? याद्या लागल्यात. एकीचं बदललं की उद्या आठ जण दारात उभे. आणि हात काय तुला मारणार आहे का?”

“नाही, बाई,” म्हणाली आणि गेली.

गंमत केलेली या पिढीला कळत नाही.

२० सप्टेंबर

उमावच्या कपाटावर कुणीतरी खडूने मोठ्ठा ३५ लिहिला होता. मला धक्काच बसला. आमच्या हॉलमध्ये, गुरुजींच्या समोर! डोंगरातल्या मुलांना प्रवेशपरीक्षेत पस्तीस टक्के वाढवून मिळतात, त्याचा टोमणा. अक्षरावरून मी पाईला पकडलं आणि सगळ्यांदेखत त्याची अशी हजेरी घेतली की त्याचे कान लाल झाले. ओल्या फडक्याने पुसायला लावलं.

उमाव म्हणाली, “राहू द्या, बाई. आकडा बरोबरच आहे. घरच्या भाषेची परीक्षा पास झालं की पस्तीस मिळतात. आजीच्या वेळेला त्याच भाषेचं वेगळं काहीतरी मिळायचं.”

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, अगं, ते दिवसच तसे होते, मीसुद्धा पाटी घातलीये, काय बिघडलं माझं?

 ती म्हणाली, “तुमच्याकडे एकच दिवस होती ना, बाई.”

बारीकसारीक लक्षात ठेवते हं पोरगी. चांगली डॉक्टर होईल.

२ ऑक्टोबर

समितीचं स्नेहभोजन. उमावला तिच्याकडचा सणाचा पोशाख घालून ये म्हटलं होतं, बाकीच्यांना बघायला मिळाला असता. आली नाही. सत्तर डबे मागवले होते, एकोणतीस माणसं आली. घरी तीन दिवस तेच खायचंय. हे म्हणाले, “तुझा आपलेपणा थोडा आंबलाय.”

८ ऑक्टोबर, मंगळवार

उमाव विच्छेदनाला दोनदा गैरहजर. तिसऱ्यांदा नसली तर विषय गेला, आणि राखीव जागेवर विषय गेला की जागाच जाते. बोलावून घ्यावं म्हणून ऑफिसात विचारलं, तर कारकुनाने सरळ तिचा कॉलेज सोडल्याचा अर्जच पुढे केला. सोमवारी देऊन गेली. कारण: घरगुती.

 पाच आठवडे मी समजत होते की हिचं उत्तम चाललंय. परवा तुंग साहेबांना तसं म्हणालेही, अगदी तिचंच उदाहरण देऊन. रडारड नाही, तक्रार नाही, आणि एकदम अर्ज?

अर्ज मी पुढे पाठवलेला नाही. माझ्या खणात आहे. तिचा फोन बंद. पुढचं विच्छेदन पंधराला. शनिवारी गाडी काढते आणि वर जाते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

जे झालं ते होतं तसं लिहून काढते, नाहीतर उद्या मी ते मला सोयीचं करून घेईन.

अडीच तास गाडी चालवत गेले. गावाच्या शेवटच्या घराच्या पायरीवर उमावची आजी, आबुस, लाल अंबाडीची बोंडं सोलत बसली होती. लोखंडी नळी बोंडात खुपसायची, बी टपकन खाली, पाकळ्या टोपलीत. मी शेजारी बसकण मारली आणि बोलायला सुरुवात केली. मी कोण, कुठून आले, तुमची नात किती हुशार आहे, तिने असं करू नये, तुम्ही तिला समजवा. दहा मिनिटं बोलले असेन. आजी मान वर करीना. बी टपटप पडतंय. मला राग यायला लागला. एवढ्या लांबून आले, पाणी विचारायचं राहिलं, निदान बघावं तरी.

उमाव आतून आली. म्हणाली, “बाई, तुम्ही डाव्या बाजूला बसलाय. इकडे या.”

मी उठून उजवीकडे बसले. आजी लगेच वळली आणि हसली. “कधी आलात?” म्हणाली. दहा मिनिटं मी बहिऱ्या कानाशी बोलत होते. अर्जात हे लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. म्हटलं, टेबलाचा त्रास असेल तर टेबल बदलते. पण मुद्दाम तुमच्या गावच्या गुरुजींजवळ ठेवली होती, तिला बरं वाटावं म्हणून.

उमावने मोबाइल काढला आणि तो फोटो पुढे धरला. बोटांनी मोठा केला. गळ्यात पाटी घातलेली मुलगी.

“ही आजी,” ती म्हणाली.

 

आजी बोलायला लागली. बोंडं सोलता सोलता, बाजारात कोबी काय भावाने गेला ते सांगावं तसं. पहिली थंडी पडली तेव्हा पाटी तिच्या गळ्यात आली, ती आलुबुखार पिकेपर्यंत राहिली. रोज सकाळी गुरुजी विचारायचे, काल कोण बोललं? ती म्हणायची, माहीत नाही. मग कानाखाली उजव्या हाताची एक. रोज एकच, जास्त नाही. सहा महिन्यांनी कानातून पू यायला लागला, तेव्हा पाटी काढली.

“अहो, पण सांगून टाकायचं ना कुणाचं तरी नाव,” मी म्हणाले. खरंच म्हणाले. जीभ हासडून टाकावीशी वाटते.

आजीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. “कुणाचं?” तिने विचारलं. “माझा भाऊ होता वर्गात. मावशीची दोन होती. बाकी सगळी आपलीच. कुणाचं सांगू?”

मी उमावला म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस गं? ती म्हणाली, “सांगायला आले होते. तुम्ही विचारलंत, हात काय मारणार आहे का.”

 मग मी म्हटलं, टेबल बदलते, हात बदलते, नमस्कार करू नकोस, काय हवं ते कर, पण अर्ज मागे घे. उमाव म्हणाली, “बाई, रोज त्या माणसाला गुरुजी म्हणून वाकायचं आणि मागे भिंतीवर वाचायचं की त्याने आम्हाला शुद्ध भाषा दिली. दुसऱ्या टेबलावर गेले तरी भिंत तीच ना?”

आजीने नातीला काहीतरी विचारलं, त्यांच्या भाषेत. दोघी बराच वेळ बोलल्या. मला अवाक्षर कळलं नाही. सहा महिने मार खाऊन ती भाषा तिथे शाबूत होती, एवढं कळलं.

निघताना आजीने अंबाडीची पिशवी माझ्या गाडीत ठेवली. मी घेतली. नको म्हणायलाही तोंड नव्हतं.

१३ ऑक्टोबर

सप्टेंबरची पानं पुन्हा वाचली. ‘छान रमली.’ ‘गंमत कळत नाही.’ ही बाई कोण आहे? मी तिला ओळखत असेन तर मला तिची लाज वाटते.

यांना सगळं सांगितलं.  हे म्हणाले, “ती पायावर पाय दिल्याची गोष्ट आता लोकांना सांगू नकोस.” मी म्हटलं, तिचा इथे काय संबंध? ते वेगळं. आम्ही सगळे एका गावचे, एका भाषेचे, पोरखेळ होता तो.

१५ ऑक्टोबर

उमाव आली! नऊला पाच कमी असताना दारात उभी. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

म्हणाली, “आजीने पाठवलंय. म्हणाली, त्याचा हात तूच उघड. आत काय आहे ते बघून ये आणि मला सांग. पण वाकायचं नाही, उभी राहा.”

“ठीक,” मी म्हणाले.

“आणि हकिकतीत एक वाक्य घालायचं. मी लिहीन.”

“तेही ठीक.”

ती उभी राहिली. सात जण वाकले आणि एक उभी, म्हणून बाकीच्या पाच टेबलांवरची मुलंही बघायला लागली. दुपारपर्यंत तुंग साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावलं.

“श्याओबाई, नमस्कार ही आपल्या कॉलेजची ओळख आहे. आज एक वाकत नाही, उद्या कुणीच वाकणार नाही. आणि ते वाक्य. देहदान केलेल्या माणसाची बदनामी? घरच्यांनी तक्रार केली तर पुढच्या वर्षी आपल्याला देह कोण देणार?”

मी म्हटलं, घरच्यांना मी विचारते. त्या हो म्हणाल्या तर?

“नाही म्हणाल्या तर वाक्य नाही. आणि तुमची ती मुलगी नियमाप्रमाणे वाकेल.”

म्हणजे आता सगळं कांगकाकूंच्या हातात. मला जायचा धीर होत नाही. नवरा जाऊन वर्ष झालं नाही त्या बाईला, आणि मी तिला काय विचारू?

२१ नोव्हेंबर

अजून गेले नाही. कारणं शोधते आहे. परीक्षा, सर्दी, पाऊस.

उमावने हात पूर्ण केला. वर्गातलं सगळ्यात नीट काम. एकेक नस मोकळी, कुठे कातर लागलेली नाही. बाकीच्या टेबलांवरची मुलं बघायला येतात. पाई शेजारी उभा राहून तिच्या हातात चिमटे-कात्री देतो, न मागता. एकदा मी ऐकलं, तो म्हणत होता, “ए, ते खडूचं. मी माती खाल्ली.” ती म्हणाली, “दिवा इकडे धर.” त्याने धरला.

मी तिला विचारलं, आजीला काय सांगितलंस, आत काय होतं?

“जे सगळ्यांच्या हातात असतं तेच,” ती म्हणाली. “आजी म्हणाली, असं कसं, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं.”

१४ डिसेंबर, शनिवार

गेले एकदाची. काकू मुळ्याच्या वड्या वाफवत होत्या. मी उमावचं वाक्य कागदावर नेलं होतं, म्हटलं आपण बोलायला गेलो तर गुळमुळीत करून टाकू. कागद पुढे केला.

‘शाळेत आपली भाषा बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात ते पाटी घालत, आणि जो दुसऱ्याचं नाव सांगणार नाही त्याला रोज मारत; माझी आजी आबुस हिला तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही.’

काकूंनी चष्मा लावून वाचलं. मग गॅस बंद केला. मला वाटलं आता घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

“डावा म्हणजे बरोबर,” काकू म्हणाल्या. “ते उजव्या हाताने मारायचे.”



“घरी मारलं नाही असं मी त्या दिवशी म्हणाले होते का?” त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात. “फोटोतली पोर त्या मुलीची आजी आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी हसले नसते. लिहा. आणि त्यांना बोलवा, आजींना. मी येणार आहे.”

मग त्यांनी मला वडी दिली. गरम होती, तोंड भाजलं. रस्त्यात गाडी कडेला घेऊन मी रडले. कुणासाठी, नीटसं सांगता येणार नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

निरोप झाला. मुलांनी गुरुजींना शिवलं, पांढरे कपडे घातले, पेटीत ठेवलं. उजवा हात उमावने शिवला. इतके बारीक टाके मी या हॉलमध्ये पाहिलेले नाहीत.

सभागृहात घरच्यांसाठी खुर्च्या. आबुस आजी आल्या होत्या, नव्या कोऱ्या काळ्या झग्यात, बाहीवर रंगीत पट्टे. मी पुढे जाऊन त्यांना बसवलं. कांगकाकू आल्या. त्यांची जागा ओळीत आजींच्या डावीकडे होती, नावाची चिठ्ठी लावलेली. त्यांनी चिठ्ठी काढली, खुर्ची स्वतः उचलली आणि आजींच्या उजवीकडे आणून ठेवली. तुंग साहेब मदतीला धावले तर त्यांना हातानेच थांबवलं. मग बसल्या आणि आजींच्या कानाशी काही बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, आजींना आलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतं ऐकल्याची, कळलं नाही.

उमावने हकिकत वाचली. ‘शुद्ध भाषा दिली’ हे पाईचं वाक्य पाईनेच काढून टाकलं होतं. तिचं वाक्य तिने दोनदा वाचलं, एकदा आमच्यासाठी आणि एकदा तिच्या भाषेत.  तुंग साहेब बुटांकडे बघत होते. मग पेटी निघाली, सगळे वाकले, उमाव उभी राहिली, आणि तिच्या शेजारी पाईही. तो का उभा राहिला, त्याचं त्याला ठाऊक.

तिचा अर्ज मी तिच्यासमोर खणातून काढून तिच्या हातात दिला. तिने चार तुकडे केले आणि माझ्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकले. पुढच्या सत्राची फी भरली आहे. ती राहते आहे. चार महिने मला एवढंच हवं होतं, आणि मी आज सुखाने झोपायला हवं.

पण नंतर चहा चालू असताना आजींनी मला जवळ बोलावलं. मी आठवणीने उजवीकडे बसले. त्या म्हणाल्या, “उमाव सांगत होती, तुम्हीपण पाटी घातलीत. एकच दिवस.”

“हो,” मी म्हणाले.

“मग तुम्ही ती कुणाला दिलीत?”

खोच नव्हती त्यात काही. एका शाळेतून गेलेल्या दोघी बायका बोलतील तसं विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. साठ वर्षं त्यांनी हे कुणाला विचारलं नसेल, कारण त्यांच्या गावात ज्याने पुढे दिली असा कुणी उरला नव्हता.

“आठवत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझा हात थोपटला. “लहान होतात,” म्हणाल्या.

४ जानेवारी

सकाळ. हे दवाखान्यात गेलेत. अंबाडीचं सरबत करून ठेवलंय, प्यावंसं वाटत नाही.

श्यू मान. तिचं नाव श्यू मान. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. घरात पाच मुलींनंतरची सहावी. डबा आणायची नाही, म्हणून मधल्या सुट्टीत भिंतीशी उभी राहायची. तिच्या डाव्या पायाला गळू झालं होतं आणि चिंधी बांधलेली होती. मी त्याच पायावर पाय दिला. मला माहीत होतं ते गळू आहे. म्हणूनच तो पाय निवडला, दुसऱ्या पायावर ती कदाचित ओरडली नसती. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, यांनाही नाही.

पाटी तिच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत राहिली. मी समजत असे, तिला कुणाला पकडता आलं नाही, बावळट होती. काल आजींच्या शेजारी बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की तिने कदाचित कुणाचं नाव सांगितलंच नसेल. माझं सांगू शकली असती. मी तिच्या पुढेच बसायचे आणि दिवसभर बडबडायचे.

चौथीत ती आली नाही. बाईंनी हजेरीत नाव घेतलं, कुणी ओ दिली नाही, बाईंनी रेघ मारली. शिवणाच्या कारखान्यात लागली असं कुणीतरी म्हणालं होतं. मी पुढे कॉलेजला गेले, डॉक्टरांशी लग्न केलं, आणि सेहेचाळीस वर्षं जेवणाच्या टेबलांवर ‘एक मुलगी’ म्हणून तिची गोष्ट सांगून लोकांना हसवलं. नाव एकदाही विसरले नव्हते.

तुंग साहेबांना सोमवारी समितीचा अहवाल हवाय. यंदाच्या गळतीच्या तक्त्यात एकही नाव नाही, पान कोरं आहे. आत्ता ते समोर घेऊन बसले आहे. पहिल्या रकान्यात लिहिलं, श्यू मान. दुसऱ्यात, तिसरी. तिसऱ्या रकान्यात ‘घरगुती’ छापूनच आलेलं असतं, ते खोडलं आणि माझं नाव लिहिलं.